खुदा, ईश्वर आणि नाखवा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी पंचवटीत संस्कृत शिकवतो हे कळलं की हा प्रश्न येतोच: ‘सर, सगळ्या धर्मांतले देवाचे शब्द मुळात एकच ना?’

नाही. आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

‘देव’ शब्दाच्या मुळाशी प्रकाश, उजेड आहे. लॅटिनमधला ‘देउस’ आणि लिथुएनियन ‘दिएवास’ हे त्याचे सख्खे चुलतभाऊ. ग्रीक ‘थिऑस’ मात्र त्यांच्यातला नाही. ‘देउस’शी त्याचा उच्चार किती जवळचा वाटतो, पण मूळ वेगळं. कानावर विसंबून व्युत्पत्ती सांगणारे इथेच फसतात. ‘अल्ला’ हिब्रू ‘एलोहीम’चा नातलग, अरब ख्रिस्तीही प्रार्थनेत अल्लाच म्हणतात.

बरं, कूळ एक असलं म्हणून अर्थ जुळतोच असंही नाही. पारशांच्या अवेस्तेत ‘दएव’ म्हणजे दुष्ट शक्ती आणि पूज्य कोण, तर ‘अहुर’ मज्द. हा अहुर म्हणजे आपला असुर! ऋग्वेदात वरुणाला असुर म्हटलंय ते गौरवानंच; आपल्याकडे त्याचा राक्षस नंतर झाला. एकाच घरातले दोन शब्द, दोन भावांनी अगदी उलटे वाटून घेतले. मला हे वाचताना दर वेळी नवल वाटतं.

पण माझा सगळ्यात आवडता शब्द ‘खुदा’. फारसीत त्याचा मूळ अर्थ धनी, मालक. नावेचा धनी तो नाखुदा, आणि आपल्या किनाऱ्यावर आला तेव्हा त्याचा झाला नाखवा. कोळीवाड्यात रोज खुदाचं नाव घेतलं जातं, हे कितीजणांना ठाऊक असतं? इकडे ‘ईश्वर’ ‘ईश्’ धातूचा, म्हणजे सत्ता चालवणारा. कपालेश्वर, सोमेश्वर, त्र्यंबकेश्वर म्हणताना आपणही धन्यालाच हाक मारतो. यहुदी लोक देवाचं चार अक्षरी नाव उच्चारत नाहीत, त्या जागी ‘अदोनाय’ वाचतात: माझा प्रभू. हिब्रूचं संस्कृतशी किंवा फारसीशी कूळ जुळत नाही, तरी माणसाला सुचलं ते हेच. मला ही जवळीक व्युत्पत्तीच्या नात्याहून मोठी वाटते.

तीही सगळीकडे लागू नाही. पांडवलेणी ज्या बौद्ध भिक्षूंसाठी खोदली, त्यांच्याकडे ‘देव’ हाच शब्द होता. पण त्यांचे देवही आयुष्य सरलं की मरतात, पुन्हा जन्म घेतात, आणि सृष्टीला धनी असा कुणी नसतो.