गोळ्या थांबवल्या आणि पाळीच आली नाही

२०२३ ची संक्रांत. सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरलेली, आणि त्याच आठवड्यात माझं माला-डी या गर्भनिरोधक गोळ्यांचं शेवटचं पाकीट संपलं. २०१९ पासून एक महिना चुकवला नव्हता. आधी २१ हार्मोनच्या गोळ्या, मग ७ लोहाच्या, आणि त्या सात दिवसांत ठरल्यासारखी पाळी. आता मूल हवं असं आमचं दोघांचं ठरलं होतं. दिवाळीपर्यंत घरात गोड बातमी, असा मी मनातल्या मनात हिशेबही मांडून ठेवला. मी अक्कलकोट रोडच्या एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेबच लिहिते, त्यामुळे ती सवयच.

शेवटच्या पाकिटाची पाळी आली. त्यानंतर ६८ दिवस काहीच नाही. मेडिकलमधून तीनदा पट्टी आणली, तिन्ही वेळा एकच रेघ.

आत्यांना (सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो) गोळ्यांचं ठाऊक नव्हतं. ते कळलं तेव्हा भाकरी थापता थापता एवढंच म्हणाल्या, “चार वर्षं ते औषध पोटात गेलं. पिशवी सुकली असंल.” शेजारच्या काकूंनी त्यात भर घातली. त्यांच्या भाचीला म्हणे सगळं बंद केल्यावरही आठ-नऊ महिने दिवस राहिले नाहीत. खरं सांगते, मलाही तसंच वाटायला लागलं होतं. रात्री मोबाइलवर नको ते वाचत बसायचे.

सात रस्त्याजवळच्या एका डॉक्टर मॅडमकडे गेलो. मी बसल्या बसल्या गोळ्यांचीच कहाणी लावली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “गोळ्या सुरू करायच्या आधी पाळी कशी यायची?”

हा प्रश्न चार वर्षांत मी स्वतःला विचारलाच नव्हता. अकरावी-बारावीत मला पाळी ४५, कधी ५० दिवसांनी यायची. आई तीळगूळ खायला लावायची. लग्नानंतर गोळ्या सुरू झाल्या, पाळी दर महिन्याला यायला लागली आणि जुनं सगळं विसरून गेले. मॅडमनी सांगितलं की गोळ्यांवर असताना जे येतं ते हार्मोन थांबल्यामुळे होणारं रक्तस्राव असतं. त्या काळात बीज तयार होतच नाही, त्यामुळे तारखेला येणाऱ्या त्या पाळीवरून मूळची पाळी सुधारली की नाही ते कळत नाही. गोळ्या बंद झाल्या की असर फार दिवस राहत नाही. बऱ्याच बायकांना पहिल्या तीन महिन्यांतच दिवस राहतात, वर्षभरात तर दहातल्या आठ जणींना. चार वर्षं घेतल्या म्हणून चारपट थांबावं लागतं, असं काही नसतं. माझं दुखणं गोळ्यांच्या आधीचं होतं.

काकूंच्या भाचीचंही मग उलगडलं. ती गोळ्या घेतच नव्हती, सरकारी दवाखान्यात तीन महिन्यांनी मिळणारं अंतरा इंजेक्शन घेत होती. त्याचा असर जायला शेवटच्या डोसानंतर सात ते दहा महिने लागू शकतात. आमच्या गल्लीत गोळी आणि इंजेक्शन एकाच पोत्यात घातलं होतं.

सोनोग्राफीत पीसीओडी निघाला, म्हणजे बीज वेळेवर तयार न होण्याचा त्रास. थायरॉइड ठीक. वजन ७२ किलो. मॅडम म्हणाल्या, तीन-चार किलो उतरलं तरी फरक पडेल, आणि फॉलिक ॲसिड आजपासूनच सुरू करा. मग रोज संध्याकाळी कंबर तलावाला फेऱ्या. नवरा पहिले आठ दिवस सोबत आला, नंतर त्याला पॉवरलूमवरचं काम आठवायला लागलं.

त्याचीही तपासणी सांगितली होती. हा खरा अवघड भाग. “माझ्यात काय असणार?” असं म्हणत दीड महिना घालवला. शेवटी गेला, तर त्या लॅबच्या बाथरूमला आतून कडी लागेना. एका हाताने दार धरून उभा होता म्हणे! रिपोर्ट चांगला आला. दाराची गोष्ट मात्र तो आजही रागानेच सांगतो.

सहा महिन्यांत वजन ६८ वर आलं, पण पाळी ४० दिवसांच्या खाली येईना. मग लेट्रोझोल, बीज तयार व्हायला मदत करणारं औषध. पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस गोळी, आणि नवव्या-दहाव्या दिवसापासून बीज किती वाढलं ते बघायला दिवसाआड सोनोग्राफी. सकाळी साडेसातला नंबर लावायचा, नऊला कारखान्यात. पहिल्या महिन्यात बीज १४ मिलिमीटरवर अडकलं. दुसऱ्या महिन्यात २० झालं, फुटलं, पण पाळी आली. त्या दिवशी मी नवी पेठेत रिक्षात बसून रडले. रिक्षावाल्या काकांनी काही न विचारता रिक्षा कडेला घेतली. तिसऱ्या महिन्यात पट्टीवर दोन रेघा.

आनंद झाला, आणि लगेच नवी भीती. चार वर्षं हार्मोन घेतले, बाळात काही निघालं तर? मॅडमनी डेन्मार्कमधल्या एका अभ्यासाचं सांगितलं. १९९७ ते २०११ मधले जवळपास ८ लाख ८० हजार जन्म तपासले होते. गोळ्या कधीच न घेतलेल्या, आधी बंद केलेल्या, अगदी दिवस राहिल्यावरही नकळत घेत राहिलेल्या, सगळ्यांत व्यंगाचं प्रमाण सारखंच, हजारी साधारण २५. तो आकडा मी पाठ केला आणि घरी येऊन आत्यांना सांगितला. त्या म्हणाल्या, “डेन्मार्क कुठं आलं?”

मुलगी झाली, २ किलो ९०० ग्रॅम.

दीड महिन्यानी दाखवायला गेलो तेव्हा आत्या सोबत होत्या. मॅडम म्हणाल्या, अंगावर पाजतेय तोवर सहा महिने माला-डी नको. कॉपर-टी आहे, हार्मोन नसलेली छाया गोळी आहे. मी विचार करतेय तेवढ्यात आत्यांनीच विचारलं, “ती छाया रोज खावी लागत नाही नं? हिला कामाच्या धबडग्यात आठवणार नाही.” आधी तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा, असं कळल्यावर म्हणाल्या, “मग रविवार-बुधवार धर. मी सांगत जाईन.”