तुम्ही विचारलंत म्हणून: त्याच चर्चला मी अजून का जाते

‘त्या रात्रीनंतरही तुम्ही त्याच चर्चला का जाता?’ हा प्रश्न नातेवाइकांनी विचारला, सहकाऱ्यांनी विचारला, आणि आमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे या चर्चच्या हद्दीत राहणाऱ्या, माणसांनीही विचारला. दर वेळी मी काहीतरी अर्धवट उत्तर देऊन सुटका करून घेतली, म्हणून आता एकदा नीट लिहिते.

मी नियमाच्या धाकाने जात नाही. रविवारच्या मिस्साचे, म्हणजे सामूहिक उपासनेचे, बंधन कोणत्याही कॅथलिक चर्चमध्ये पूर्ण होते, हे चर्चच्या कायद्यात, १९८३ च्या धर्मसंहितेत, स्पष्ट लिहिलेले आहे, आणि आई गेल्यावर दोन वर्षे मी दुसऱ्याच चर्चला जात होते. तिथली प्रवचने चांगली होती, गायनही सुरेख होते. तिथे मला कुणी दुखावले नाही. मला कुणी ओळखतच नव्हते.

त्या रात्री साडेअकराच्या सुमारास आईचा श्वास अडखळू लागला. आजाऱ्यांचा तैलाभ्यंग, म्हणजे आजारी माणसाला पवित्र तेल लावण्याचा संस्कार, फक्त धर्मगुरूच देऊ शकतात, आणि आईने तो आधीच मागून ठेवला होता. मी धर्मगुरूंच्या निवासस्थानी तीनदा फोन केला. नुसती घंटा वाजत राहिली. भाऊ धावत गेला, त्याने दार ठोठावले, हाका मारल्या आणि तो एकटाच परत आला. तोपर्यंत शेजारच्या दोन बायका येऊन बसल्या होत्या. एकीने आईचे पाय मांडीवर घेतले आणि दुसरीने रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, सुरू केली; तिच्यात दहा-दहा मण्यांची पाच दशके असतात. चौथे दशक चालू असताना आईचा श्वास थांबला, पण त्यांनी पाचवे दशक पूर्ण केल्याशिवाय माळ खाली ठेवली नाही. फादर सकाळी आले. फोन खालच्या मजल्यावर होता, झोपेत ऐकू आला नाही, असे ते म्हणाले. त्यात दुष्टपणा नव्हता हे मला तेव्हाही कळत होते, पण ते कळल्याने काही हलके झाले नाही.

त्या दोन वर्षांत मी सगळ्यांना सांगत असे की चर्च म्हणजे माणसे. फादर आले नाहीत, पण त्या दोघी आल्या. आज मी स्वतःलाच विचारते की त्या दोघी पुरेशा होत्या, तर तू तीनदा फोन कशासाठी केलास? याचे उत्तर मला देता येत नाही.

मी परत गेले ती मुलाच्या लग्नासाठी बाप्तिस्म्याचा दाखला आणायला. १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने बाप्तिस्म्याच्या आणि विवाहाच्या वह्या ठेवणे धर्मगुरूंना बंधनकारक केले. माणसाचे लग्न कुठेही झाले तरी त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या मूळ वहीत परत येते. लेखनिकाला विनंती करून मी मृत्यूची वहीही पाहिली. आईच्या ओळीत शेवटचे संस्कार मिळाल्याच्या रकान्यात फादरांनी स्वतःच्या हाताने ‘नाही’ अशा अर्थाची एक आडवी रेघ मारली होती आणि पुढे सही केली होती. रकाना कोरा सोडणे त्यांना सोपे गेले असते. त्या रात्रीची साक्ष जगात दुसरीकडे कुठेही लिहिलेली नाही.

तुम्हाला हे कारण अपुरे वाटेल, आणि काही रविवारी मलाही तसेच वाटते. परंतु धर्मग्राम सहसा हद्दीवरून ठरतो, आवडीनिवडीवरून नव्हे. ज्यांनी माळ खाली ठेवली नाही त्या बायका आणि ज्यांना फोन ऐकू आला नाही ते फादर, दोन्ही मला एकाच हद्दीतून मिळाले आहेत. यांतले एक ठेवून दुसरे टाकण्याचा प्रयत्न मी दोन वर्षे केला आणि तो मला जमला नाही. मी फादरांना क्षमा केली आहे का, हेही कृपया विचारू नका. त्यांच्या हातून ख्रिस्तप्रसाद घेताना ‘आमेन’ म्हणायला मला अजून क्षणभर वेळ लागतो.

गेल्या वर्षी धर्मग्राम परिषदेत मी एकच मागणी केली, आणि आता चर्चच्या दारावर रात्री संपर्क करण्याचा नंबर मोठ्या अक्षरांत लावलेला आहे. तो लागतो की नाही, हे मी अजून करून पाहिलेले नाही.