44 अंशांचं बोअर

निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या एका मळ्यातनं बोलावणं आलं: नव्या बोअरला गरम पाणी लागलंय. पाइपच्या तोंडाशी थर्मामीटर धरला, तर खरंच 44 अंश. गावानं तोवर रत्नागिरीतल्या उन्हवऱ्याच्या गरम झऱ्याशी नातंही जुळवून टाकलं होतं. मालक आण्णांचा सरळ सवाल: “साहेब, लडाखात जमिनीतल्या उष्णतेवर काढायचं चाललंय तशी हितं वीज निघंल काय वो?”

असल्या वेळी मी आधी बादली मागतो. 15 लिटरची बादली भरायला अडीच मिनिटं लागली, म्हणजे मिनिटाला 6 लिटर. मोटर साडेसात एचपीची, ओढत होती सुमारे 7 किलोवॅट. एवढी ताकद मिनिटाला 6 लिटर पाण्यात उतरली तर पाणी 16-17 अंशांनी तापतं. जमिनीतल्या साध्या पाण्यात एवढे अंश मिळवले की 44 चा हिशेब तिथंच जुळत होता, पण आण्णांना जमिनीखालचा आकडा हवा होता.

पंप बाहेर काढला आणि बोअर दोन दिवस तसंच निवू दिलं. मग पीटी-100 सेन्सर (तापमानाबरोबर याचा विद्युत रोध बदलतो, त्यावरनं अंश कळतात) खाली सोडला, तोही हळूहळू आणि फक्त उतरताना नोंदी घेत. वर ओढताना पाणी ढवळतं. केबल चार तारांचीच लागते, म्हणजे तारेचा स्वतःचा रोध मोजमापात मिसळत नाही. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या दोन तारा 300 मीटर सोडल्या, तर तारेचाच रोध 20 ओहम भरतो आणि मीटर पन्नासहून जास्त अंश फुगवून दाखवतो. ‘गरम बोअर’च्या काही बातम्यांचा उगम इथंच असावा, असा मला दाट संशय आहे.

नोंदी अशा: 80 मीटरवर 26.8, 180 वर 29.3, 260 वर 31.3. म्हणजे किलोमीटरला 25 अंश, अगदी सर्वसाधारण चढ. या हिशेबानं 100 अंशांसाठी तीन किलोमीटर खाली जावं लागेल. आणि नुसती उष्णता पुरत नाही, तिथं पाणी खेळायला भेगा हव्यात. कोकणात पावसाचं पाणी खोल भेगांतनं उतरून तापतं आणि झपाट्यानं वर येतं. लडाखच्या पुगा खोऱ्यात तर झऱ्याच्या तोंडालाच ऐंशीच्या वर तापमान आहे. आपल्याकडचा खडक एवढ्या खोलीवर बहुधा घट्टच असणार.

खरा चोर पाइपात सापडला. पंपापासनं दुसऱ्या कपलिंगला, म्हणजे पाइपांच्या जोडाला, बोटभर चीर होती. वर चढणारं बरंचसं पाणी तिथनंच परत बोअरमध्ये पडायचं, पंप तेच पुन्हा ओढायचा, आणि दर फेरीला ते आणखी तापायचं. आणखी थोडे दिवस असंच चाललं असतं तर मोटरचं वाइंडिंग जळालं असतं. कपलिंग बदलल्यावर पाणी 30 अंशांवर आलं आणि बादली काही सेकंदांत भरली.

आण्णा जरा हिरमुसले. पण वर्षभर 30 अंशांवर राहणारं पाणी म्हणजे हीट पंपाला (कोमट पाण्यातली उष्णता उचलून जास्त तापमानाला देणारं यंत्र) चांगला आधार. हळद वाळवायला किंवा हॉस्टेलला 55-60 अंशांचं पाणी द्यायला एका युनिट विजेत तीन-चार युनिट उष्णता मिळते. फक्त वापरलेलं पाणी गटारात न सोडता दुसऱ्या बोअरमध्ये परत जिरवायचं, आणि ते बोअर पहिल्यापासनं लांब घ्यायचं, नाहीतर गार झालेलं पाणीच फिरून पंपाकडं येतं.