दोनदा आलेला शनिवार

आई-बाबा सांगलीहून ऑकलंडला आमच्याकडे आले होते. जुलैतली इथली थंडी त्यांना सोसेना, म्हणून चार दिवस रारोटोंगाला जायचं ठरलं. कुक बेटांतलं हे मुख्य बेट विमानाने साधारण चार तासांवर. चलन न्यूझीलंडचाच डॉलर चालतो आणि वादळांचा मोसम नोव्हेंबर ते एप्रिल, त्यामुळे जुलै बिनघोर.

धास्ती होती ती परतीची. आई-बाबांचा न्यूझीलंडचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असता, तर परत येताना विमानात चढूच दिलं नसतं. व्हिसाच्या कागदावर 'मल्टिपल' शब्दावर बोट ठेवून बाबांनी दोनदा वाचून घेतलं, मग तिकिटं काढली.

एवढं करून मी माती खाल्ली ती तारखेत. विमान शनिवारी सकाळचं, म्हणून मुरीच्या किनाऱ्यावरची खोली शनिवारपासून घेतली. आठवड्याने बायको तिकीट बघत म्हणाली, "अरे, हे पोहोचतंय शुक्रवारी!" शाळेत एका मार्कासाठी पाठ केलेली आंतरराष्ट्रीय वाररेषा मध्ये आडवी आली होती. रारोटोंगाचं घड्याळ तेव्हा ऑकलंडच्या २२ तास मागे. खोलीच्या मालकीणबाईंना मेल टाकली, तर उत्तर आलं: काळजी नको, खोली रिकामीच आहे, ही चूक पुष्कळ जण करतात. मिळालेला दिवस परतताना कापला जातोच. मंगळवारी निघालो की ऑकलंडला बुधवार. रजेचा अर्जही बदलला.

गाडी मात्र घेतली नाही. बेटाभोवतीचा रस्ता ३२ किलोमीटर, त्यावर एक बस घड्याळाच्या दिशेने फिरते, एक उलटी. चुकणार कुठे?

आईचा प्रश्न वेगळाच होता. "सकाळी शनिवार धरला, दुपारी शुक्रवार, उद्या परत शनिवार. उपवास किती?"

"मारुतीला विचार," बाबा म्हणाले.

तिने दोन्ही धरले. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद, म्हणून दुसऱ्या शनिवारी सकाळीच अवारुआचा पुनांगा नुई बाजार गाठला. एका टपरीवर बाईंनी झाकण उघडलं: नारळाच्या दुधात शिजलेली गडद हिरवी पानं. 'रुकाऊ' म्हणाल्या. आई वाकली, वास घेतला.

"अगंबाई, हा तर अळू!"

बाईंनी चवीला चमचा पुढे केला. आईने कानाला हात लावला आणि मला म्हणाली, "उद्याला बांधून घे. दोन घे."