बोहारणीचा हात

"सध्या काय करतेस तिकडे?" आईनं फोनवर विचारलं. म्हटलं, लोकांच्या जुन्या पर्सा विकत घ्यायच्या, तपासायच्या, पुसायच्या नि विकायच्या. पलीकडे क्षणभर शांतता. मग, "म्हणजे बोहारीणच की गं!"

तिचं काही चुकलं नव्हतं. नवऱ्याच्या नोकरीपायी टोकियोतल्या निशी-कासाईत आले. त्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला परवानगी काढून आठवड्याला २८ तास काम करता येतं. माझे २८ तास जुन्या ब्रँडेड बॅगांच्या एका दुकानात, मागच्या खोलीत जायचे. जपानात या धंद्याला कुणी नाक मुरडत नाही. यातली एक बडी कंपनी, कोमेह्यो, १९४७ साली नागोयात जुन्या कपड्यांचं दुकान म्हणूनच सुरू झाली. फक्त इथल्या बोहारणीला पोलिसांकडून परवाना लागतो, आणि विकणाऱ्याचं नाव, पत्ता, वय, व्यवसाय सगळं लिहून घ्यावं लागतं. पातेलं टाकलं नि साड्या उचलल्या, असं नाही.

पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. लुई व्हिटॉन या फ्रेंच ब्रँडची 'स्पीडी' नावाची बॅग हाती आली. एका बाजूला ब्रँडची 'एलव्ही' ही अक्षरं सरळ, दुसरीकडे उलटी. मी तोऱ्यात ती नकलीच्या ढिगात टाकली. आमचे वयस्कर तपासनीस हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. त्यांनी बॅग पालथी करून दाखवली. तळाला शिवणच नाही! एकच अखंड कॅनव्हास पुढून खाली आणि खालून मागे गेलेला. मग मागची अक्षरं शीर्षासन करणारच. पट्ट्यांचं कातडंही कच्चं, वर्षानुवर्षं हात लागून मधाच्या रंगाचं होत जाणारं. जुन्या बॅगेचे पट्टे गोरेपान दिसले की आम्ही चष्मा लावायचो.

मालाची प्रतवारी एस, ए, एबी, बी, सी अशी. कोपरा घासलेला, एक पायरी खाली. आतला खिसा दमट हवेनं चिकट झालेला, आणखी खाली. आणि वास! १९८०च्या दशकाच्या अखेरीस, जपानात पैसा उतू जात होता तेव्हा घेतलेल्या बॅगा कपाटात डांबरगोळ्यांसोबत झोपलेल्या असतात. तो वास आला की किंमत पडलीच. (एर्मेस ब्रँडची महागडी 'बर्किन' बॅग जिच्या नावानं ओळखली जाते, त्या अभिनेत्री जेन बर्किनची स्वतःची, चरे नि डाग पडलेली बॅग २०२५ मध्ये पॅरिसच्या लिलावात ८६ लाख युरोंना गेली, तीही एका जपानी कंपनीकडे. आमच्या फळीवर ती मुकाट 'सी'त बसली असती.)

एकदा एक आजी आल्या. रुमालात बांधलेली बॅग त्यांनी गाठ सोडून माझ्यापुढे ठेवली. फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' लिहिलं. मी खिसे चाचपले, तर आत घडी घातलेली एक कोरी हातपुसणी निघाली. भाव सांगितला. त्यांनी मान डोलावली, हातपुसणी परत घेतली, रुमालाची चौकोनी घडी केली. दारापर्यंत गेल्या, वळल्या आणि वाकून नमस्कार केला. मीही वाकले. सरळ झाले तेव्हा लक्षात आलं, आजींची नजर टेबलावरच्या बॅगेवर होती.

पुढं आई टोकियोला आली तेव्हा तिच्यासाठी मी दुकानातलीच एक बी ग्रेडची बॅग घेऊन ठेवली होती. "कुणाच्या खांद्यावरची, देव जाणे," म्हणत तिनं ती हातात घेतली. उजेडाकडे धरली, अस्तर बाहेर ओढलं, शिवणीवरून अंगठा फिरवला. आमच्या तपासनिसांना दाखवावं असं काम. शेवटी नाक आत खुपसून एक दीर्घ श्वास घेतला. मी मनात म्हटलं, आता गेली ही 'सी'त.

"डांबरगोळ्या," आई म्हणाली. "चांगल्या घरातली दिसते."