अण्णांनी थांबवलेले वाचन

"मॅडम, आपले सैन्य जिंकलेले तुम्हाला आवडत नाही का?"

हा प्रश्न मला माजी विद्यार्थ्यांच्या लग्नांत विचारला जातो, नव्या पेठेत खरेदीला गेले तरी विचारला जातो, आणि वाचनालयाच्या पुस्तक निवड समितीच्या बैठकीत तर हमखास विचारला जातो. कारण शत्रूला बावळट आणि पळपुटा दाखवणाऱ्या, युद्धावरच्या थरारक कादंबऱ्यांना तिथे विरोध करणारी मी एकटीच आहे, आणि शाळेत असताना बक्षीस म्हणून त्याच कादंबऱ्या मी मुलांना वाटत होते, हे सोलापुरात पुष्कळांना आठवते. आता तुम्हीही विचारलेत म्हणून एकदा सविस्तर लिहिते. आपले सैन्य जिंकलेले मला आवडते. सैनिकाच्या मुलीला हे सांगावे लागते, याचा मला त्रास होतो.

एक गोष्ट आधीच मान्य करते. फार पूर्वी एका इंग्रजी कादंबरीत भारतीय अधिकारी गोंधळलेले, लाचखाऊ आणि परदेशी नायक येऊन सोडवील म्हणून वाट पाहत बसलेले असे रंगवले होते. मी इतकी चिडले की वर्गात त्यावर अख्खा तास बोलले. त्याच सुमारास मी आवडीने वाचत असलेल्या मराठी कादंबरीतला पाकिस्तानी अधिकारी हुबेहूब तसाच होता, आणि ते माझ्या लक्षातही आले नाही. ते लक्षात आणून दिले अण्णांनी.

माझे वडील, अण्णा, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर दलात होते. 1971 च्या युद्धात पश्चिम आघाडीवर त्यांच्या तुकडीने सुरुंग काढले होते. त्याविषयी ते घरात कधी बोलत नसत. उतारवयात त्यांची नजर गेली, तेव्हा उन्हाळ्याच्या दुपारी खिडक्या लावून मी त्यांना वाचून दाखवत असे. एके दिवशी मोठ्या हौसेने एक नवी युद्धकादंबरी घेतली. तिच्यात नायकाची तुकडी रात्री सुरुंग पेरलेला पट्टा ओलांडते. शत्रूने ते सुरुंग दारूच्या नशेत कसेही पेरलेले असतात, चांदण्यात ते वर आलेले दिसतात आणि दहा मिनिटांत सगळे जण सुखरूप पलीकडे पोहोचतात.

"थांब," अण्णा म्हणाले. "सुरुंग कुणी पेरले म्हणालीस?"

मी ती ओळ पुन्हा वाचली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग कॉटवर पालथे झाले, डाव्या कोपरावर भार देऊन उजवा हात पुढे केला आणि गादीवर बोट तिरके टेकवत, थोडे पुढे सरकत, पुन्हा टेकवत त्यांनी मला दाखवले की जमिनीत सळई कशी खुपसत जायची: तिरकी, हलक्या हाताने, कारण उभी दाबली तर दाब थेट सुरुंगाच्या माथ्यावर पडतो. तपासून झालेल्या वाटेच्या कडेने पांढरी फीत टाकत जायची. रणगाड्यांसाठीच्या मोठ्या सुरुंगांच्या आजूबाजूला माणसांसाठीचे लहान सुरुंग असतात, म्हणून मोठा सापडला तरी हात घाईने पुढे न्यायचा नाही. "ओळी मोजून घातल्या होत्या त्यांनी. वरचं ढेकूळसुद्धा जागच्या जागी ठेवलेलं. हात लावला की कळायचं, पलीकडं काम शिकलेला माणूस आहे." मग उठून बसले आणि म्हणाले, "माझा जोडीदार त्यात गेला. दारुड्यानं पेरलेल्या सुरुंगानं गेला, असं त्याच्या आईला सांगायचं होतं काय मी?"

मी गप्प बसायला हवे होते. मी म्हणाले, "अण्णा, ही गोष्ट आहे. पोरांना स्फुरण चढावे म्हणून असे लिहितात." त्यांनी वाद घातला नाही. पुन्हा वाचून दाखव असेही ते कधी म्हणाले नाहीत, आणि दोन वर्षांनी गेले. त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता, वयामुळे ते हळवे झाले आहेत असे मी मनाशी ठरवून टाकले होते, हेही लिहिले पाहिजे.

त्यानंतर मी कादंबऱ्या बाजूला ठेवून युद्धांचे वृत्तांत वाचू लागले. पश्चिम आघाडीवरच्या बसंतरच्या लढाईत 17 डिसेंबर 1971 रोजी आपल्या 3 ग्रेनेडियर्स या पलटणीवर चालून येताना पाकिस्तानच्या 35 फ्रंटियर फोर्स या पलटणीचे लेफ्टनंट कर्नल अक्रम राजा मारले गेले, तेव्हा त्यांच्या शौर्याची लेखी नोंद 3 ग्रेनेडियर्सचे लेफ्टनंट कर्नल वेदप्रकाश ऐरी यांनी केली. 1999 मध्ये कारगिलच्या युद्धात टायगर हिलवर मारले गेलेले पाकिस्तानी कॅप्टन कर्नल शेर खान ('कर्नल' हे त्यांचे नावच) यांच्या खिशात आपले ब्रिगेडियर बाजवा यांनी त्यांच्या पराक्रमाची चिठ्ठी ठेवून मृतदेह परत पाठवला, आणि पाकिस्तानने त्यांना निशान-ए-हैदर हा आपला सर्वोच्च शौर्य सन्मान दिला. मला देशप्रेम विचारणाऱ्यांनी हा प्रश्न आधी ऐरींना आणि बाजवांना विचारावा.

चीनच्या बाबतीत तर मला अधिकच वाईट वाटते. या कादंबऱ्यांतल्या चिनी सैनिकाला चेहराच नसतो. तो झुंडीने येतो आणि झुंडीने पळतो. तो पळतच असेल, तर 1962 च्या युद्धात लडाखमधल्या रेझांग ला येथे मेजर शैतान सिंह आणि त्यांचे सोबती कोणाशी लढून पडले? आणि डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच सोलापुरात जन्मले, 1938 साली चीनला गेले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या 32 व्या वर्षी, तिथल्या जखमी सैनिकांवर उपचार करता करता गेले. त्यांचे स्मारक ज्या गावात आहे, तिथल्या मुलांच्या हाती मी असली पुस्तके दिली.

इतके असूनही माझा एक जुना विद्यार्थी, जो आता सैन्यात आहे, गेल्या दिवाळीत सुटीवर आला असताना म्हणाला, "मॅडम, तुम्ही बक्षीस दिलेले ते पुस्तक नसते, तर मी भरतीला गेलोच नसतो." मी त्याला अण्णांचा प्रसंग सांगितला. त्याने तो मान खाली घालून ऐकला आणि म्हणाला, "समोरच्याला आम्ही कमी लेखत नाही, मॅडम. ते पहिल्या वर्षीच शिकवतात. पण तिथवर पोहोचायला मला ते पुस्तक लागले."

त्याचे म्हणणे मला पटलेले नाही आणि खोडूनही काढता आलेले नाही. समितीची पुढची बैठक याच महिन्यात आहे. यादीत तसली चार पुस्तके आहेत, आणि मी पुन्हा विरोधच नोंदवणार आहे.