पाण्यावरचा तपकिरी थर

लेक जॉर्जचं जुनं चित्र सफाई-दुरुस्ती होऊन माझ्या टेबलावरून उतरून महिना झाला, तरी डोंगराची पाण्यातली सावली डोक्यातून जात नाही.

न्यूयॉर्क राज्यातल्या या तळ्याकाठी एकोणिसाव्या शतकात चित्रकारांची रीघ असे. अमेरिकन निसर्गचित्रकार केन्सेटनं 1869 साली रंगवलेलं तळं मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. आमच्याकडे आलेलं त्याच धाटणीचं, पण बिनसहीचं. व्हार्निश इतकं पिवळं पडलेलं की आकाश नि पाणी दोन्ही चहाच्या रंगाचं.

वरची काजळी लाळेनं काढली. तिच्यातली एन्झाइम्स मळ सोडवतात, व्हार्निशला धक्का लावत नाहीत. मग व्हार्निश उतरवायला आयसोप्रोपेनॉल आणि व्हाइट स्पिरिट या सॉल्व्हंटांचं मिश्रण, एकास चार. काडीवरचा कापसाचा बोळा घासायचा नाही, लाटण्यासारखा फिरवायचा, नि दोन-तीन फेऱ्यांत टाकून द्यायचा. आकाशात बोळा पिवळा झाला, खालून स्वच्छ निळं निघालं. सावलीत तो तपकिरी झाला आणि हात तिथेच थांबवला.

संथ पाण्याची खोली दाखवायला वाळलेल्या रंगावर राळ मिसळून पारदर्शक हात दिलेला असू शकतो. राळ व्हार्निशमध्येही असते, म्हणून एक उतरवणारं सॉल्व्हंट दुसरंही उतरवतं. मायक्रोस्कोपखाली भेगा पाहिल्या. नंतर फासलेला थर जुन्या भेगांत उतरून बसतो. इथे भेग तपकिरी थरासकट आरपार गेलेली. कडेचा अर्ध्या मिलिमीटरहून लहान कण पारदर्शक कृत्रिम रेझिनमध्ये बसवून, थर आडव्या छेदात दिसावेत म्हणून पॉलिश केला. व्हार्निशच्या दोन थरांमध्ये मळाची काळी रेघ दिसली. तपकिरी थर आणि रंग यांच्यामध्ये मळ काहीच नाही, म्हणजे मध्ये फार काळ गेलेला नसावा. थर मूळचाच धरला आणि ठेवला.

उजव्या कोपऱ्यात हे कुणी तपासलंच नव्हतं. पूर्वीच्या सफाईत रंग घासून कॅनव्हासच्या विणीची टोकं उघडी पडली होती आणि त्यावर निळं थापलेलं. एक्स-रे फ्लुरोसन्समध्ये, म्हणजे क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणाऱ्या चाचणीत, त्यात टायटॅनियम सापडलं; टायटॅनियम व्हाइट हा पांढरा रंग बाजारात आला 1920 च्या सुमारास, म्हणजे हे निळं नंतरचं. काठालगतची केसाएवढी फिकी रेघही त्या सफाईत गेली. त्या रेघेमुळेच पाणी आडवं पसरतं. ती नसली की डोंगर नि सावली मिळून एकच भिंत वाटते. ही नासधूस केवळ घाईची होती. रेघ मी ठिपक्याठिपक्यांनी, पुन्हा काढता येईल अशा रंगात भरली.

मालकांनी विचारलं, "पाणी आकाशाइतकं निळं का नाही झालं?" सफाई म्हणजे उजळणं, हा समज फार खोल रुजलाय. डोंगराच्या सावलीतलं पाणी निळं नसतंच.

पण कण एकाच जागेचा घेतलाय. सावलीच्या उजव्या टोकाला तपकिरी थर जाड वाटतो आणि तिथे भेगाच नाहीत. तेवढ्या बोटभर जागेतलं व्हार्निश मी काढलेलं नाही.